चिडका ससाणा आणि त्याचें नवें घर

ससाणा म्हटला कीं, राजाच्या मनगटावर डौलानें बसलेला, डोक्यावर चामड्याची टोपी घातलेला आणि सुटतांच आकाशांत बाणासारखा घुसणारा पक्षी डोळ्यांपुढें उभा राहतो. जुन्या चित्रांनीं हें रूप आपल्या मनांत इतकें पक्कें बसविलें आहे कीं, त्या राजाच्या हातमोज्याखालीं किती ओरखडे असतील, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. चित्रांतला ससाणा नेहमीं शांत असतो. प्रत्यक्षांतला ससाणा कधीं कधीं पाळणाऱ्याच्या तोंडावर झेप घेतो, दिवसभर किंचाळून शेजाऱ्यांना नकोसें करून सोडतो, आणि जो हात त्याला मांस देतो त्याच हातांत नख्या रुतवितो. असा पक्षी कां बिघडतो, त्याला ताळ्यावर कसें आणावें, आणि तें न साधल्यास त्याला दुसरें घर कोणतें व कसें शोधावें, हे तीन प्रश्न बाजदारांना फार जुन्या काळापासून पडत आलेले आहेत.

हा विषय आपल्याला अगदींच परका नाहीं. कुमाऊंचा राजा रुद्रदेव यानें ‘श्यैनिकशास्त्र’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं तो १९१० सालीं कलकत्त्यास इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. मोंगल दरबारांतील शिकारी पक्ष्यांची व्यवस्था अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त नोंदून ठेविली आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें भारतांत असे पक्षी रानांतून पकडण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका, अरबस्तान इत्यादि देशांत ही विद्या अद्याप जिवंत आहे. ‘युनेस्को’नें २०१० सालीं अकरा देशांच्या नांवें तिची मानवी वारशांत नोंद केली, आणि २०२१ पर्यंत ती संख्या चोवीसवर गेली. तेव्हां चिडक्या ससाण्याचा प्रश्न मुख्यतः त्या देशांतला आहे. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व कुत्रें, पोपट किंवा मैना पाळणाऱ्या कोणत्याही घरास लागू पडेल असें आहे.

इंग्लंडांत ज्या पक्ष्याच्या बाबतींत हा प्रश्न फार वेळां उद्भवतो, त्याचें नांव हॅरिसचा ससाणा. हा मूळचा अमेरिका खंडाचा रहिवासी. अमेरिकन संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागापासून दक्षिणेस चिली व अर्जेंटिना येथपर्यंत त्याची वस्ती आहे. प्रसिद्ध पक्षिचित्रकार ऑड्यूबन यानें आपला मित्र एडवर्ड हॅरिस याचें नांव त्याला दिलें. अंग काळपट तपकिरी, खांदे व मांड्या तांबूस, आणि शेपटीचें टोंक पांढरें, असें त्याचें रूप आहे. इतर शिकारी पक्षी बहुधा एकलकोंडे असतात, हा मात्र कुटुंब करून राहतो. दोन ते सहा पक्षी मिळून एकच ससा घेरतात. एक झुडपांत शिरून त्याला हुसकतो, तर दुसरे बाहेर टपून बसतात. न्यू मेक्सिकोंतील अशा सहकारी शिकारीवरील जेम्स बेडनार्झ यांचा निबंध १९८८ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

अशा मनमिळाऊ स्वभावामुळें हा पक्षी माणसाच्याही संगतीस लवकर सरावतो. विंबल्डनच्या टेनिस मैदानावरून कबुतरें हांकून लावणारा ‘रूफस’ याच जातीचा. २०१२ सालीं तो चोरीस गेला तेव्हां त्याची बातमी देशोदेशीं पोंचली, आणि कांहीं दिवसांनीं तो सुखरूप सांपडला. पाळण्यास सोपा, पिंजऱ्यांत सहज वीण देणारा, म्हणून नवशिक्याच्या हातीं पहिला पक्षी म्हणून बहुधा हाच पडतो. सोपा समजला गेलेला पक्षी निष्काळजीपणानें पाळला जातो, आणि म्हणूनच बिघडलेल्या पक्ष्यांत त्याचा भरणा मोठा असतो.

बिघडलेपणाचीं लक्षणें ठरलेलीं आहेत. पाळणारा दिसला कीं पक्षी सारखा किंचाळूं लागतो. मांस मिळतांच दोन्ही पंख पसरून त्यावर छत्र धरतो आणि जवळ येणाऱ्यावर धांवून जातो. हातमोज्यावर बसला असतां मोकळ्या हातावर, क्वचित् चेहऱ्यावर, पाय मारतो. या पक्ष्याचें खरें शस्त्र चोंच नव्हे, पाय आहेत. त्याच्या बोटांतील स्नायुबंधांची रचना अशी असते कीं, मूठ एकदां आवळली म्हणजे ती दांत्यांत अडकलेल्या कड्याप्रमाणें आपोआप घट्ट राहते. पक्ष्याला वेगळा जोर करावा लागत नाहीं. अशा मुठींत सांपडलेला हात मागें ओढला तर ती अधिकच आवळते, कारण हालचाल म्हणजे भक्ष्य अद्याप जिवंत आहे, असें त्याला वाटतें. अनुभवी बाजदार म्हणूनच नख्या रुतल्या तरी हात निश्चल ठेवतो. भक्ष्य निपचित पडलें असें वाटलें कीं पक्षी हळूहळू पकड सैल करितो.

आतां कारणांकडे वळूं. पहिलें आणि सर्वांत खोल कारण पिलाच्या बालपणांत दडलेलें असतें. अगदीं कोंवळ्या वयांत पिलूं ज्याला पाहतें त्याचा ठसा त्याच्या मनावर कायमचा उमटतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेंझ यांनीं १९३५ सालीं या गोष्टीचें सविस्तर विवेचन केलें. पुढें १९७३ सालीं ज्या तिघांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत ते एक होते. माणसाच्या हातून घांस खाऊन वाढलेलें ससाण्याचें पिलूं माणसालाच आपला आईबाप समजतें, भावंडही समजतें, आणि वयांत आल्यावर जोडीदार किंवा प्रतिस्पर्धीही समजतें. रानांतला पक्षी माणसाला भितो व त्यामुळें अंतर राखतो. हाताने वाढविलेल्या पक्ष्याला ती भीतीच नसते. भीति नसणें म्हणजे प्रेम असणें असा समज करून घेणें, ही नवशिक्याची पहिली चूक होय.

किंचाळण्याचा उगमही येथेंच आहे. घरट्यांतलें पिलूं भूक लागली कीं ओरडतें, आणि आईबाप भक्ष्य आणून देतात. रानांत हा क्रम फार दिवस चालत नाहीं. पिलूं उडूं लागलें कीं आईबाप हात आंखडता घेतात, पिलाला स्वतः शिकार करावी लागते, आणि ओरडणें आपोआप थांबतें. पिंजऱ्यांतल्या पक्ष्याला मात्र रोज ठराविक वेळीं तोच माणूस तेंच मांस आणून देतो. म्हणजे त्याचें बालपण संपतच नाहीं. अंगानें तो प्रौढ होतो, बळ प्रौढाचें येतें, पण वागणें मात्र घरट्यांतल्या अधाशी पिलाचें राहतें. यासाठींच जाणते पक्षिसंवर्धक पिलें तीन-चार महिन्यांचीं होईपर्यंत त्यांच्या आईबापांजवळच ठेवतात, आणि अमेरिकेंत उमेदवार बाजदाराला घरट्यांतून पिलूं काढण्यास कायद्यानें मनाई आहे. त्यानें रानांत वाढलेला, स्वतः शिकार करूं लागलेला पक्षी धरावा असा तेथील रिवाज आहे.

दुसरें कारण भूक. पक्षी उडवून परत बोलाविण्यासाठीं त्याला थोडी भूक असावी लागते. ती किती, हें रोज वजन करून ठरवितात. हॅरिसच्या ससाण्याचा नर साधारण सहाशें-सातशें ग्रॅमचा, तर मादी नऊशें ते अकराशें ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा देहांत पंधरा-वीस ग्रॅमचा फरकही वागणुकींत दिसून येतो. पक्षी चिडला म्हणजे नवशिका समजतो कीं, तो माजला आहे. म्हणून तो त्याचें खाणें आणखी कमी करितो. परिणाम उलट होतो. उपाशी पक्षी दर घांसासाठीं लढूं लागतो आणि माणसाचा हात हाच त्याला भक्ष्य चोरणारा वैरी दिसूं लागतो. हातावर पाळलेल्या पुष्कळ चिडक्या पक्ष्यांना ताळ्यावर आणण्याचा पहिला उपाय त्यांचें पोट भरणें हाच असतो.

तिसरें कारण ऋतु. विणीच्या दिवसांत एरवीं शांत असलेला पक्षीही आपल्या जागेसाठीं आक्रमक होतो. त्याला त्या काळांत निवांत ठेवणें हेंच शहाणपण. चौथें कारण दुखणें. तळपायाला सूज येऊन गळूं होणें व फुप्फुसांत बुरशी वाढणें हे पाळीव शिकारी पक्ष्यांचे नेहमींचे रोग आहेत, आणि वेदना सोसणारा पक्षी हात लावूं देत नाहीं. म्हणून वर्तन अचानक बदललें तर स्वभावाला दोष देण्यापूर्वीं वैद्याला दाखविलें पाहिजे. पांचवें कारण म्हणजे पाळणाऱ्याचा स्वतःचा अस्थिरपणा.

या शेवटल्या कारणाचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. टी. एच. व्हाइट या इंग्रज लेखकाचा जन्म १९०६ सालीं मुंबईस झाला. इंग्लंडांत तो एका शाळेंत शिक्षक होता. १९३६ सालीं नोकरी सोडून तो रानांतल्या एका झोपडीवजा घरांत राहूं लागला आणि जर्मनीहून त्यानें एक बाज मागविला. मार्गदर्शनाला मुख्यतः सतराव्या शतकांतलें एक जुनें पुस्तक होतें. त्यांत सांगितल्याप्रमाणें त्यानें पक्ष्याला रात्रींमागून रात्री जागविलें आणि स्वतःही जागला. पक्षी रुसेल या भीतीनें त्याला पोटभर चारावें, आणि मग तो ऐकत नाहीं म्हणून उपाशी ठेवावें, अशी त्याची ओढाताण चालली. एक दिवस जुनाट दोरी तुटली आणि बाज उडून गेला तो कायमचा. ही हकीकत त्यानें १९५१ सालीं ‘द गॉसहॉक’ या पुस्तकांत प्रांजळपणें छापली. त्याचें पक्ष्यावर प्रेम नव्हतें असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु आज लाड, उद्यां शिक्षा, ही रीत ज्या वर्गांत चालते तेथें मुलें बिघडतात, आणि बाज तर मुलांहून अधिक हट्टी.

शिक्षेबद्दल येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कुत्रें धन्यापुढें मान तुकवितें, कारण कळपांत राहून वरिष्ठाची मर्जी राखणें त्याच्या रक्तांत आहे. ससाण्याला ही भाषा ठाऊक नाहीं. त्याला चापट मारली, दरडावलें किंवा दोरीनें हिसडलें तर त्याला एवढेंच कळतें कीं, हा माणूस धोक्याचा आहे. आणि त्याची स्मरणशक्ति उत्तम असते. एका क्षणाच्या रागानें कित्येक आठवड्यांची मेहनत फुकट जाते.

मग हाताळावें कसें? प्रथम कांटा आणि वही. रोज एकाच वेळीं वजन, खाल्लेलें मांस, हवा आणि वागणूक हीं चारही टिपून ठेवावीं. पंधरवड्याची नोंद डोळ्यांखालून घातली कीं, पक्षी केव्हां व कशानें चिडतो हें बहुधा आपोआप उघड होतें. नंतर वजन हळूहळू वाढवावें. त्याच वेळीं माणूस व अन्न यांची पक्ष्याच्या मनांतली गांठ सोडवावी. मांस हातानें भरवूं नये. पक्षी पाहत नसतांना तें पिंजऱ्यांत ठेवावें, किंवा भिंतीतील नळींतून आंत सोडावें, म्हणजे कोण देतो हें त्याला कळत नाहीं. तो किंचाळत असतांना कधींही खाऊं घालूं नये, नाहीं तर किंचाळण्याचेंच बक्षीस त्याला मिळतें. खाण्याशीं संबंध नसलेल्या भेटीही व्हाव्या: त्याच्याजवळ मुकाट्यानें बसावें, पाणी बदलावें, निघून यावें.

धरलेलें मांस त्याच्याकडून काढून घेण्याचा प्रसंग आलाच तर हिसकावून घेऊं नये. त्याहून चांगला तुकडा हातमोज्यावर दाखवावा, पक्षी त्यावर आला कीं पहिला तुकडा नजरेआड करावा. ही अदलाबदल झाली, चोरी नव्हे. पक्ष्याला आपला तोटा झाला असें वाटत नाहीं, आणि पंख पसरून छत्र धरण्याची संवय हळूहळू सुटते. हातमोजा लांब व जाड असावा, पक्षी चेहऱ्यापासून दूर धरावा, आणि डोळ्याला डोळा भिडवून पाहूं नये, कारण टक लावणें हें शिकारी प्राण्यांत आव्हान समजलें जातें. सर्वांत गुणकारी औषध मात्र शिकार हेंच. स्वतःच्या पंखांच्या बळावर भक्ष्य मिळवूं लागलेला पक्षी माणसाकडे हात पसरणें सोडतो, जसा रानांतला त्याचा भाऊबंद आईबापांकडे मागणें सोडतो. हें सर्व एका हंगामांत साधेलच असें नाहीं. हातानें वाढलेल्या पक्ष्याच्या मनावरचा ठसा पुसला जात नाहीं. त्याचा उपद्रव तेवढा कमी करतां येतो.

कधीं कधीं तेंही साधत नाहीं. घरांत लहान मुलें आहेत, पक्षी तोंडावर झेपावतो, आणि पाळणाऱ्याच्या मनांत भीति बसली आहे. ती भीति हाताच्या कंपांतून पक्ष्याला कळते आणि तो अधिक बेफाम होतो. अशा वेळीं अभिमान आडवा येतो. ‘आपल्याला जमलें नाहीं’ हें मान्य करण्यापेक्षां पक्ष्याला अंधाऱ्या खोलींत बांधून ठेवणें पुष्कळांना सोपें वाटतें. हॅरिसचा ससाणा पाळीव स्थितींत वीस वर्षें व क्वचित् त्याहून अधिक जगतो. एवढें आयुष्य दोरीच्या एका टोंकाला बसून काढणें ही त्या पक्ष्याला झालेली शिक्षा आहे, आणि अपराध मात्र त्याचा नाहीं. वेळेवर दुसरें घर शोधणें ही हार नसून कर्तव्य आहे.

‘मग त्याला सोडून कां देऊं नये?’ असें सहज मनांत येतें. दयाळू वाटणारा हा मार्ग बहुधा क्रूर ठरतो. माणसाला आईबाप समजणारा पक्षी भुकेला झाला कीं माणसांच्याच वस्तींत उतरतो, परक्याच्या खांद्यावर किंवा मुलाच्या हातांतल्या खाऊवर झडप घालतो, आणि काठीनें किंवा बंदुकीनें मारला जातो. पायांत वाद्या तशाच राहिल्या असतील तर फांदीला अडकून उलटा लोंबकळत मरतो. शिवाय परदेशी जातीचा पक्षी मोकळा सोडणें हा ब्रिटनमध्यें १९८१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. रानांत वाढून मग धरलेला पक्षी असेल तर गोष्ट निराळी. अमेरिकेंतील कित्येक बाजदार शरद ऋतूंत पकडलेला तांबड्या शेपटीचा ससाणा वसंतांत पुन्हा त्याच्या रानांत सोडतात, आणि त्याला आपलें जुनें जग ओळखीचें असतें.

नवें घर शोधतांना पहिला येईल त्याला पक्षी देऊं नये. जो स्वस्तांत मागतो त्याच्याकडे सहसा अनुभवही स्वस्तच असतो. पूर्वीं असे पक्षी हाताळलेला, दिवसाचा वेळ मोकळा असलेला माणूस पाहावा. त्याचें पक्षिगृह, त्याचे इतर पक्षी आणि त्यांचीं पिसें स्वतः जाऊन पाहावीं. मग कांहीं न लपवितां सर्व सांगावें: जन्म केव्हांचा, कोणी वाढविला, पायांतील कड्याचा क्रमांक, उडवितांनाचें वजन व भरल्या पोटाचें वजन, खाण्याची वेळ, कशानें चिडतो, आणि कोणाला कधीं इजा केली. ती नोंदवहीच पक्ष्याबरोबर द्यावी. घेणारा घाबरून जाईल म्हणून एखादी गोष्ट झांकून ठेवणें म्हणजे त्याच्या डोळ्याशीं खेळणें होय. कागदपत्रेंही नीट असावीं. बाजासारख्या कांहीं जातींच्या विक्रीस ब्रिटनमध्यें सरकारी दाखला लागतो, आणि अमेरिकेंत पक्षी एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची नोंद सरकारकडे करावी लागते.

प्रवासासाठीं हवा खेळणारी पण आंतून काळोखी पेटी घ्यावी, तळाशीं पाय रुततील असें जाड फडकें घालावें, आणि निघण्यापूर्वीं पक्ष्याला भरपेट चारूं नये. नव्या घरीं कांहीं दिवस त्याला नुसतें खाऊं द्यावें व पाहूं द्यावें. नव्या धन्यानें जुन्या धन्याची शीळ, जुनी जागा, जुना क्रम यांपैकीं कांहींच उचलूं नये. पुष्कळदां असें आढळतें कीं, ज्या माणसाला पक्षी आईबाप समजत होता तो नजरेआड झाला कीं त्याचें किंचाळणें बरेंच ओसरतें. नवा माणूस त्याच्या लेखीं कोणीच नसतो, आणि हें ‘कोणीच नसणें’ म्हणजे नव्यानें सुरुवात करण्याची संधि होय.

कांहीं पक्षी मात्र हातावर घेण्यासारखे उरतच नाहींत. त्यांनाही जागा आहे, हें पक्षिशास्त्राच्या इतिहासांतील एका सुंदर प्रकरणानें दाखविलें. डीडीटी या कीटकनाशकामुळें अंड्यांचीं कवचें पातळ होऊन अमेरिकेंतील बहिरी ससाणा नामशेष होऊं लागला होता. १९७० सालीं कॉर्नेल विद्यापीठांत टॉम केड यांनीं ‘पेरेग्रिन फंड’ ही संस्था स्थापिली आणि बाजदारांनीं आपले पक्षी तिला दिले. माणसालाच जोडीदार समजणारे कांहीं नर नैसर्गिक जोडीला निरुपयोगी होते. पण तेच नर माणसाजवळ प्रियाराधन करून स्वेच्छेनें रेत देत, आणि त्यानें कृत्रिम रीतीनें माद्यांचीं अंडीं फलित करतां येत. जो ठसा एरवीं दोष, तोच येथें गुण ठरला. १९७२ सालीं डीडीटीवर बंदी आली. संस्थेनें चार हजारांहून अधिक पक्षी रानांत सोडले, आणि १९९९ सालीं बहिरी ससाण्याचें नांव अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादींतून निघालें.

चिडका ससाणा जन्मतः चिडका नसतो. कोणीतरी त्याला घरट्यांतून लवकर उचललेलें असतें, कोणीतरी लाडानें भरविलेलें असतें, कोणीतरी रागानें उपाशी ठेविलेलें असतें. ज्याच्या हातीं तो शेवटीं पडतो त्याला हा सर्व हिशेब चुकता करावा लागतो. तो धीरानें करतां आला तर उत्तम. न आला तर ज्याला करतां येईल अशा हातीं, खरी नोंदवही सोबत देऊन, पक्षी सोंपवावा. हीच बाजदाराच्या विद्येची शेवटली आणि कदाचित् सर्वांत अवघड परीक्षा होय.